रुसणी टेकडीचं पाणी

तापीकाठच्या एका गावाबाहेर रुसणी नावाची बोडकी टेकडी आहे. ती आणि तिच्या पायथ्याची वाडी, दोन्ही हेमांगीच्या वडिलांची. ते गेल्यावर सुरतची नोकरी सोडून हेमांगी केळी लावायला परत आली. धाकटा भाऊ मिथुन मात्र टेकडी मुरमासाठी विकायला निघाला होता.

"ताई, तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. ठेवून करायचं काय?"

"आधी चढून तर बघू दे," ती म्हणाली.

वर दलसिंग भेटला. पलीकडच्या भिल्ल पाड्यातला म्हातारा, शेळ्या चारत बसलेला. हेमांगीने सहज विचारलं, "बाबा, सासरी जायचं नाही म्हणून रुसलेली नवरी इथे येऊन बसली, म्हणून ही रुसणी ना? आमच्या घरी तसंच सांगतात."

दलसिंग हसला. "नवरी कोठली वं माय! आठे झिरा व्हता. तुन्हा आजानी मोहाना झाडं तोडात, मंग पाणी रुसनं. मन्हा बाप सांगे."

झऱ्याची जागा म्हणून त्याने दाखवलेल्या खळग्यात नुसते दगड होते. हेमांगी तिथेच बसली. आजोबांनी झाडं तोडल्याचं घरात कुणी कधी बोललं नव्हतं. नवरीची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ.

"परत येईल पाणी?"

"रुसेल माणूस समजाडता येस. पाणीनं बी करी देखूत."

मिथुन कुरकुरला, पण दोन पावसाळे थांबायला तयार झाला. उन्हाळ्यात पाड्यावरच्या लोकांबरोबर हेमांगीने उतारावर आडवे चर खणले, पहिल्या पावसात मोह आणि बांबू लावला. दलसिंगने शेळ्या लांबच्या माळावर न्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी निम्मी रोपं जळाली. हेमांगी रडली, आणि मेलेल्यांच्या जागी पुन्हा नवी लावली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर टेकडीवरून दलसिंगची हाक आली. केळीत असलेला मिथुन सगळ्यांआधी धावला. खळग्यातल्या दगडांखालून करंगळीएवढी धार झिरपत होती. त्याने गढूळ पाणीच ओंजळीत घेतलं आणि पिऊन टाकलं.

"गोड शे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

होळीपर्यंत धार टिकली. दलसिंगची बायको दिवलीबाई तिथून हंडा भरून नेऊ लागली. पुढची रोपं कुठे लावायची यावर दलसिंग आणि हेमांगी वाद घालत बसले, तेवढ्यात मिथुनने कुदळ उचलली आणि तो स्वतःला पटलेल्या जागी खणायला लागला.