फक्त उजवी वळणं

जॉसलिनने वॉल्टरची हकिकत सांगायला सुरुवात केली आणि नेमकं तेव्हाच वाचनालयाच्या तळघराचं दार उघडून नोएला डेगल आत आली. अंगात जाड कोट, बुटांना मार्चमधला चिखल, हातात गाडीच्या किल्ल्या. मागच्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी ती भिंतीला बोटं लावत लावत पुढे आली आणि पहिल्या रांगेत बसली. जॉसलिनच्या तोंडचं पाणी पळालं, कारण वॉल्टर म्हणजे नोएलाच होती.

कागदावर अर्थातच नव्हती. कागदावरचा वॉल्टर चौऱ्याऐंशी वर्षांचा विधुर, दुधाचा ट्रक चालवून निवृत्त झालेला, निळ्या पिकअपचा मालक. नोएला एक्क्याऐंशीची, तिचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला, आणि तिची जुनी ब्युइक गाडी मातकट रंगाची. संशोधनात माणसं ओळखू येऊ द्यायची नाहीत, असा नियम आहे. जॉसलिनने तो इतका मनावर घेतला होता, की वॉल्टरला तिने एक लंगडणारा कुत्रासुद्धा देऊन टाकला होता.

तिचा विषय म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या हा होता. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, जिथे बस नाही, टॅक्सी नाही आणि दुकान सहा मैलांवर, तिथे नजर अधू झाली की माणसं काय करतात? नोएलाने चार दुपारी तिला आपल्या टेबलाशी बसवून, कॉफी पाजून, सगळं सांगितलं होतं. डोळ्यांसमोर बरोबर मधोमध धुकं असतं, कडेकडेचं तेवढं दिसतं. बँगॉरला राहणारा मुलगा दर रविवारी फोनवर विचारतो, आई, गाडी चालवत नाहीस ना? ती सांगते, शेजारचा आर्मां नेतो. आर्मांला जाऊन दोन वर्षं झाली होती. हे बाहेर फुटलं तर आधी किल्ल्या जातील आणि किल्ल्यांच्या मागोमाग घर, हे नोएलाने हसत हसत सांगितलं होतं. कुणालाही कळू देणार नाही, असा शब्द जॉसलिनने दिला होता आणि तसं लिहून खाली सहीही केली होती.

तेव्हापासून तिची झोप उडाली होती. शब्द पाळावा, तर उद्या त्या ब्युइकसमोर एखादं पोर आडवं आलं म्हणजे? मोडावा, तर म्हातारीच्या पायाखालची जमीन आपणच काढून घ्यायची. इकडे आड, तिकडे विहीर. तिने मार्गदर्शक बाईंना पत्र लिहून विचारलं होतं. त्यांचं तीन परिच्छेदांचं उत्तर आलं. ते तिने चारदा वाचलं, आणि बाईंची तब्येत उत्तम आहे यापलीकडे त्यातून तिला काही कळलं नाही.

आजचा कार्यक्रमही विभागानेच ठरवलेला. पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी गावात जाऊन, बारा मिनिटांत, साध्या माणसाला समजेल अशा शब्दांत आपलं काम सांगायचं. शेवटी श्रोत्यांनी एका कार्डावर खूण करायची: समजलं, थोडं समजलं, नाही समजलं. जॉसलिनच्या आधी एक मुलगा बटाट्याच्या रोगावर बोलून गेला होता, आणि चार पिढ्या बटाटा काढणाऱ्यांनी त्याला इतक्या प्रेमाने सोलला होता, की तो अजून कॉफीच्या टेबलाशी पाठ करून उभा होता.

आता पडद्यावर पुढचं चित्र नकाशाचं होतं. तो गाळून पुढे जाता येईल का, म्हणून जॉसलिनचं बोट बटणावर घुटमळलं. पण नकाशा गाळला तर वॉल्टरमध्ये राहतं काय? एक म्हातारा आणि एक लंगडा कुत्रा. तिने बटण दाबलं.

वॉल्टर डावीकडे कधीच वळत नाही, तिने सांगितलं. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेव्हा डावीकडे वळायचं म्हणजे समोरची रांग ओलांडायची; समोरून येणारी गाडी किती लांब आहे ते कळायला हवं, आणि त्याला ती गाडी दिसतच नाही. म्हणून तो फक्त उजवीकडे वळतो. उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, चर्चला वळसा, बटाट्याच्या गोदामाला वळसा, असं करत सहा मैलांवरच्या दुकानात तो अकरा मैलांनी पोचतो.

लोक मनापासून हसले. मग हसू ओसरलं, आणि माना हळूहळू एकमेकांकडे वळू लागल्या. जॉसलिनने पुढचं सगळं छताकडे बघत उरकलं. नोएलाकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच टोपी घातलेला एक आडदांड माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या बापाबद्दल तुला कुणी सांगितलं, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं. जॉसलिन म्हणाली, मी तुमच्या वडिलांना कधी भेटलेलीही नाही. त्याचा विश्वास बसला नाही. दुधाच्या ट्रकच्या जागी बटाट्याचा ट्रक घातला की झाला माझा बाप, असं म्हणून तो तरातरा निघून गेला. त्याच्यामागून ग्रंथपाल रीटाने तिला पुस्तकांच्या कपाटाआड ओढलं. ती माझी आईच ना, तिने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तिचे डोळे भरून आले. मग लिओ नावाचे एक आजोबा आले. ते मात्र खूश होते. माझं नाव न घेतल्याबद्दल आभारी आहे, ते म्हणाले, फक्त तुझे ते अकरा मैल चुकलेत. खताच्या दुकानामागून एक कच्चा रस्ता आहे, तिथून साडेनऊच पडतात.

जॉसलिनने तेवीस माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. या तिघांच्या घरातलं एकही माणूस त्यांत नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे तर सगळं तळघरच खवखवत होतं. आणि प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात तिने या उजव्या वळणांना 'अत्यंत विरळ उदाहरण' म्हटलं होतं. तिला हसावं की रडावं तेच कळेना. नोएलाला कुणीच ओळखलं नाही म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला तो भलत्याच विवंचनेत. आत्ता बाहेरच्या रस्त्यावरून अशी कितीजणं घरी जाणार होती?

नोएला अजून पहिल्या रांगेतच बसली होती. कार्ड तिच्या मांडीवर होतं.

"काय लिहिलंय गं यावर? चष्मा गाडीत राहिला."

चष्म्याचा काही उपयोग नाही, हे दोघींनाही माहीत होतं. जॉसलिन शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने कार्ड वाचून दाखवलं.

"पहिल्यावर कर खूण," नोएला म्हणाली. "छान बोललीस. त्या बटाट्यापेक्षा छान."

"मिसेस डेगल, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. मला वाटलं नव्हतं की तुम्ही..."

"त्या वॉल्टरला मुलंबाळं नाहीत का?"

जॉसलिन गोंधळली. नोएला नेहमीसारखीच तिच्या चेहऱ्याऐवजी कानाच्या थोडं बाजूला बघत होती. तिला समोरचं माणूस तसंच बघावं लागे. त्यामुळे तिच्या डोळ्यांत काय आहे ते कळायला काही मार्गच नव्हता.

"एक मुलगा आहे. लांब असतो."

"त्याला ठाऊक नाही?"

"नाही."

"गाढव आहे."

गाढव कोण, बाप की मुलगा, हे जॉसलिनने विचारलं नाही. पलीकडे रीटा कागदी कप गोळा करत होती. ती पुढच्या टेबलाकडे सरकेपर्यंत नोएला गप्प बसली.

"उडवील कुणाला तरी एक दिवस," मग ती म्हणाली. "बत्तीस वर्षं पोरांना जेवायला वाढलंय मी. ती रस्त्यात कशी धावत सुटतात, ते मला विचार."

 एवढे महिने जी गोष्ट बोलायचं धाडस जॉसलिनला झालं नाही, ती या बाईने शेजारच्या घराबद्दल बोलावं तशी बोलून टाकली होती. आणि कुणाबद्दल बोलतोय हे तिला कळतंय की नाही, तेच जॉसलिनला कळत नव्हतं.

"त्याला माझा नंबर दे," नोएला म्हणाली. "मंगळवारी मी दुकानात जाते. त्यालाही घेईन गाडीत."

"तो फार मानी आहे," जॉसलिन जपून म्हणाली. "मदत म्हटलं की यायचा नाही."

"मग मदत म्हणू नकोस. सांग, एका बाईला सोबत हवीय. पाट्या दिसत नाहीत तिला, दिवेही धड दिसत नाहीत. जन्मभर ट्रक चालवलाय ना त्याने? शेजारी बसून सांगेल तेवढं."

नोएलाने हे चारचौघांत, भर दुपारी, स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. जॉसलिनने घाईघाईने मागे वळून पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं.

"मंगळवारी मी मोकळी असते," ती म्हणाली. कामासाठी तिने या वर्षी जवळच खोली घेतली होती. "तो नाही आला, तर मी येऊ का? गाडी मी चालवीन."

"माझी गाडी?"

"तुमचीच. तुम्ही शेजारी बसा."

"आणि डावीकडे वळशील?"

"वळेन. सहा मैलांत पोचू."

 नोएलाने कोटाचं वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं. तिच्या हनुवटीशी काहीतरी हललं, आणि जॉसलिनला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर उठून चालू पडणार. आपण काय बोलून बसलो याची तिला भीती वाटली, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

"असं परस्पर ठरवू नये," नोएला शेवटी म्हणाली. "आधी वॉल्टरला विचार. त्याचा किती वर्षांचा रिवाज आहे."

"विचारते. कधीपर्यंत सांगू तुम्हाला?"

नोएला खुर्चीत नीट मागे सरकून बसली.

"आत्ताच विचार," ती म्हणाली. "मी बसलेय."