फाटकावरची धाबळी

ऋजुताने सोवळ्याच्या काठीने दांडीवरची लोकरीची धाबळी अलगद उचलली. हात लागू दिला नाही, श्वाससुद्धा जरा रोखूनच धरला. काठीवर तोलत तोलत तिने ती पुढच्या अंगणात आणली आणि फाटकावर पसरली. हरवलेल्या मांजराच्या अंगाचा वास असलेलं काहीतरी दाराबाहेर ठेवावं, म्हणजे ते वास काढत घरी येतं, असं तिने मोबाइलवर वाचलं होतं. जिरूच्या अंगाचा वास ताईंच्या धाबळीला जितका होता तितका घरात दुसऱ्या कशालाच नव्हता. आणि आपण सोवळ्याला शिवलोही नाही, याचं तिला मनातून समाधान वाटत होतं. कचरागाडीवाला रोज तेच फाटक धरून उभा राहतो आणि कॉलनीतली गाय त्यालाच मान घासते, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

ताई आंघोळ करून आल्या आणि दांडीखाली उभ्या राहिल्या. वर पाहिलं, खाली पाहिलं, काठी कुठे दिसते का तेही पाहिलं. मग धाबळी कुठे आहे असं विचारलं.

"फाटकावर," ऋजुता म्हणाली. "सोवळ्यातच नेली ताई, काठीने."

मयुरेश चहाचा कप घेऊन हळूच मागच्या खोलीत सटकला. आईचं तोंड सुटलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते हे त्याला पोटात असल्यापासून माहीत होतं. ताई म्हणजे त्याची आईच. पण आत्या, काका, सगळेच तिला ताई म्हणायचे म्हणून तोही ताईच म्हणायला लागला, आणि लग्न होऊन आलेली ऋजुताही. प्रमोदिनी हे नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

ताईंनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिल्या.

"वासाने येतं म्हणतात?"

"हो. पुष्कळ लोकांची आली आहेत परत."

"मग राहू दे," ताई म्हणाल्या, आणि आदल्या दिवशीचं सुती लुगडं त्यांनी दांडीवरून ओढलं. ते अजून दमट होतं. माळव्यातल्या थंडीत सुती कापड कुठलं एका दिवसात वाळायला. म्हणून तर धाबळी, लोकरीचं सोवळं रोज धुवावं लागत नाही. ताई ते गार लुगडं नेसल्या आणि दात आवळून पूजेला बसल्या. ऋजुताला वाटत होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

देवासच्या टेकडीखालच्या त्या कॉलनीत सोवळंओवळं पाळणारं हे एकच घर. त्यातही गंमत अशी, की ताई चांगल्या शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेल्या. देवांचे चांदीचे टाक आणि त्यांचं सोवळं त्यांना सासूबाईंकडून आलं होतं. आधी त्या कुरकुरल्या, मग सवय झाली, आणि यजमान नारायणराव गेल्यावर ती सवय अंगात मुरली. सकाळी आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. शेजारच्या विक्रमसिंहांना तर हे इतकं पाठ झालं होतं, की सकाळी फाटकाशी बोलायला आले तरी ते दोन हात लांब उभे राहायचे आणि हात मागे बांधून घ्यायचे.

फक्त मांजराला सोवळ्यात मुभा असते. मांजराचा विटाळ नाही, असं सासूबाई सांगायच्या. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ताईंनी बाकीच्या नियमांवर सासूबाईंशी पुष्कळ वाद घातला होता, या एका नियमावर कधी नाही.

जिरूचं पूर्ण नाव जिरावन. पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यासारखाच तिचा रंग, तपकिरी, मध्येच पिवळा, मध्येच काळा. एवढंसं पिल्लू असताना ताईंच्या एका मैत्रिणीने नालछ्याहून तिला टोपलीत घालून आणून दिलं होतं. ती घराबाहेर कधी गेली नाही. ताई पूजेला बसल्या की ती मांडीवर येऊन बसे, धाबळीत नखं रोवून मळायची आणि गुरगुरत झोपून जायची. ताई एका हाताने फुलं वाहत, दुसरा हात तिच्या पाठीवर असे. देवाचं आणि मांजराचं एकदमच व्हायचं. मयुरेश आईची थट्टा करायचा, की खंडोबा रुसेल बरं का. ताई म्हणायच्या, रुसला तर रुसू दे, त्यालाही प्राणी पाळायची हौस आहे.

नवरा गेल्यावर बाईला कोण शिवतं? हे कोणी बोलत नाही, पण खरं आहे. मुलगा दिवाळीत पाया पडतो. सून गुणी, कन्नौदच्या मराठी घरातली, शाळा हिंदीत झालेली, सासरचं सोवळं आपल्या हातून मोडू नये म्हणून पहिल्या दिवसापासून ताईंपासून हातभर लांब. सकाळी सोवळं म्हणून कोणी शिवायचं नाही आणि दुपारनंतर सवय म्हणून. दिवसाकाठी ताईंच्या अंगाला कोणाची ऊब लागत असेल तर ती जिरूची.

तीच गेली.

गॅसवाला सिलिंडर घेऊन आला होता. ऋजुताने जाळीचं दार उघडलं आणि पासबुक आणायला ती आत वळली. ताई सोवळ्यात, हातात नैवेद्याचं ताट. त्यांनी पाहिलं, की जिरू उंबऱ्यावर जाऊन बसली आहे. मग एक पाय बाहेर, मग दुसरा. तिला उचलायचं तर गॅसवाल्याला घासून जावं लागलं असतं, सोवळं मोडलं असतं, सगळा स्वयंपाक पुन्हा. ताई जागच्या जागी उभ्या राहून म्हणाल्या, जिरू, आत ये गं. जिरूने वळून पाहिलं. इतक्यात गल्लीत कोणाची तरी मोटरसायकल भडाडली, आणि ती विक्रमसिंहांच्या भिंतीवरून पलीकडे गेली.

जाळीचं दार तू उघडं टाकलंस, असं ताई त्या दिवशी ऋजुताला एकदाच म्हणाल्या. ऋजुता न्हाणीघरात नळ सोडून रडली. आपण चार पावलं टाकली असती तर मांजर हातात होतं, ही उरलेली अर्धी गोष्ट ताईंनी कोणालाच सांगितली नाही.

मग शोधाशोध सुरू झाली. ऋजुताने कॉलनीच्या ग्रुपवर जिरूचे फोटो टाकले. मयुरेश कारखान्यातून येता-येता गाडी हळू चालवत गल्ल्या पाहायचा. सोनकच्छला बहिणीकडे निघालेल्या विक्रमसिंहांनी जायच्या आधी गच्चीवर दुधाची वाटी ठेवली आणि आल्यावर सांगितलं, "काकीजी, दूध तो पी गया कोई." ताईंचा चेहरा उजळला. पण ते दूध कावळ्यांनीही प्यायलेलं असू शकतं, हे त्यांना सायन्सच्या बाई म्हणून पुरतं कळत होतं. मांजर मूळच्या जागी परत जातं असं कोणीसं म्हणालं, तेव्हा त्यांनी धारला माहेरी फोन लावला आणि भाच्याला नालछ्याला जाऊन बघून यायला सांगितलं. भाचा हसला. देवासहून नालछा म्हणजे शंभरावर किलोमीटर, आत्या. ताई म्हणाल्या, मला भूगोल शिकवू नकोस, जाऊन ये. तो बिचारा गेला. मांजर नव्हतं.

धाबळी फाटकावरच होती. सकाळी दवाने भिजलेली असायची, दुपारी कडक व्हायची. ताई रोज ते दमट लुगडं नेसत. त्यांना खोकला लागला. मयुरेशने नवी धाबळी आणायचं काढलं तेव्हा त्यांनी त्याला झटकून टाकलं. नव्या धाबळीला काय करायचं, तिला कशाचा वास आहे?

पूजेला बसल्या की त्यांचा डावा हात आपोआप मांडीवर जायचा आणि तिथे नुसताच पडून राहायचा. ऋजुता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून ते पाहायची. तिला वाटायचं, जाऊन तो हात धरावा. मग वाटायचं, आधीच एक मांजर घालवलंय आपण, आता सोवळंही घालवू.

चंपाषष्ठी आली. खंडोबाच्या नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि रोडगे, हे ताईंचं वर्षाचं मोठं काम. मयुरेशची सकाळची पाळी होती. ऋजुता नोकरी करत होती त्या शाळेत तिने अर्धी रजा टाकली होती, पण उंबऱ्याच्या बाहेरून ती काय मदत करणार? वांगी गॅसवर तडतडत होती, ताई ती उलटत होत्या, तेवढ्यात भिंतीवरून विक्रमसिंहांचा आवाज आला.

"काकीजी, पीछे जो अधूरा मकान है ना, उसमें एक बैठी है. वैसी ही चितकबरी."

ऋजुता चप्पल शोधायला वळली. तिची चप्पल सापडायच्या आत ताई तिच्यासमोरून गेल्या. अनवाणी, चिमटा हातात, दमट लुगड्याचा ओचा सावरत. जाळीचं दार त्यांनी खांद्याने ढकललं. फाटकाशी कचरागाडीवाला उभा होता, त्याला त्यांनी हाताने बाजूला सारलं. तो बघतच राहिला. गल्लीत दोन बायका बोलत उभ्या होत्या, त्यांच्या मधून त्या गेल्या. ऋजुता मागून पळत होती आणि ताई, थांबा, मी जाते, असं म्हणत होती, पण ऐकायला ताई थांबल्या तर पाहिजेत.

अर्धवट घराच्या बाहेर वाळूचा ढीग होता. त्याच्या उन्हाकडच्या बाजूला एक मांजर पाठ करून बसलं होतं. तोच रंग. ताईंनी चिमटा खाली ठेवला, वाळूत गुडघे टेकले आणि अगदी हलक्या आवाजात बोलू लागल्या. जिरू, चुकलं गं माझं. ये बाळा. मी आलेय ना आता. बघ, आले.

मांजराने मान वळवली. त्याचं नाक पांढरं होतं, एक कान फाटलेला. अंगापिंडाने चांगला थोराड बोका होता तो. त्याने ताईंना नीट पाहून घेतलं, उठला, आणि कोणाची काही घाई नसल्यासारखा विटांच्या थप्पीमागे निघून गेला.

ताई तिथेच विटांवर बसल्या. त्यांना हुडहुडी भरली होती. ऋजुताने अंगावरची शाल काढली, पुढे केली, आणि नेहमीच्या ठिकाणी, हातभर अलीकडे, तिचा हात थांबला.

"ताई, तुम्ही सोवळ्यात आहात."

"माहीत आहे मला."

ताईंनी पायाला चिकटलेली वाळू झटकली. बराच वेळ झटकत होत्या. मग ऋजुताकडे न बघता म्हणाल्या,

"त्या दिवशीसुद्धा सोवळ्यातच होते. चार पावलांवर होती ती. नाही गेले मी. दार तू उघडं टाकलंस, पण जाऊ मी दिली." त्यांनी नाक पुसलं. "ती एकटीच शिवायची गं मला."

ऋजुता पुढे सरकली. तिने शाल ताईंच्या खांद्यांवर टाकली, आणि शाल टाकल्यावर हात काढून घेतले नाहीत. ताईंचं अंग तिला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ किडकिडीत निघालं. दोघी तशाच बसून राहिल्या. विक्रमसिंह लांब हात मागे बांधून उभे होते, ते दुसरीकडे पाहू लागले.

घरी आल्या तेव्हा वांग्यांचा कोळसा झालेला. गॅस बंद करून ऋजुता गीझर लावायला निघाली, कारण आता पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळं. ताईंनी नको म्हटलं. हातपाय धुतले, जळक्या वांग्यांच्या पोटातला बरा गर चमच्याने काढला, त्याचंच भरीत केलं आणि नैवेद्य दाखवला. खंडोबाला त्यांनी बजावून सांगितलं म्हणे, की यंदा हे असं आहे, गोड मानून घे. संध्याकाळी मयुरेशने ते भरीत खाल्लं आणि धूर फार लागलाय असं म्हणाला. सून आणि सासू दोघींनीही त्याला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी आंघोळ केली, दांडीवरचं लुगडं काठीने घेतलं, नेसल्या आणि देवासमोर येऊन बसल्या. आधी खिडकीतून फाटकाकडे पाहून घेतलं, ते आता रोजचंच झालं होतं. मयुरेश आतून आला आणि गाडीची किल्ली शोधत देवघराच्या पाटापर्यंत पोचला.

"लांब हो रे," ताई कडाडल्या. "शिवशील. सोवळ्यात आहे दिसत नाही?"

मयुरेश चटकन मागे सरला. त्याच्यामागे डबा भरत उभी असलेली ऋजुताही सवयीने चार पावलं मागे गेली.

ताईंनी उजव्या हाताने देवावर फूल वाहिलं. डावा हात मांडीवर होता, तो उचलून त्यांनी शेजारची जमीन थोपटली.

"तू कुठे निघालीस?"