बिजल्या कावून देल्ला

अमेरिकेत लढाई चालली होती, म्हणे, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव.

अमरावतीत एकानं छकड्याच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली.

अकोल्याच्या माळावर रेल्वेचे साहेब साखळीनं जमीन मोजत होते.

लाखा बैलाच्या मानेवर हळद आणि तेल.

पौष संपायला चार दिवस.

गोठ्यात बिजल्या नाही.

नाही म्हणजे, शेषरावांनी तो देऊन टाकला. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या, ऐन हंगामात! उजवीकडे बिजल्या, डावीकडे लाखा, कासरा शेषरावांच्या हातात, ही गावाची जोड. तीन पट पळाली, तिन्ही जिंकली. चौथा पट अकोल्याचा, सगळ्यात मोठा. यंदा कापसाच्या व्यापाऱ्यांनी पल्लाही दुप्पट केलेला. आणि त्याच्या आठ दिवस आधी बिजल्या गेला कुणाकडे? अकोल्याच्या खुशालरावांकडे. ज्यांना हरवायचं, त्यांच्याकडेच! बदल्यात आला भुऱ्या नावाचा बैल. त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

कावून देल्ला? का दिला? गावभर हेच.

व्यापाऱ्यानं फोडला असन.

करणी.

भाव चढला कापसाचा, डोकं फिरलं याचं.

महादेवराव पाटील सरळ गोठ्यात शिरले. "बदलाचाच व्हता तं लाखा देतो ना बे! ते लोढणं!"

"पाटील, लाखा हा बिजल्याचा चौथा जोडीदार हाये. पयले तीन कुठं गेले?"

एक लंगडा झाला होता. दोन कापसाच्या गाडीलाही चालत नव्हते.

बिजल्या इशाऱ्याआधीच उसळायचा. जू तिरपं व्हायचं आणि सगळा हिसका डाव्या बैलाच्या मानेवर बसायचा. आखूड पल्ल्यात ते निभायचं. बिजल्या छकडा ओढायचा आणि लाखालाही ओढायचा. तिसऱ्या पटानंतर लाखाचा खांदा इतका सुजला, की त्याला मान खाली करता येईना. कडबा तोंडाशी धरून भरवावा लागे.

"आन् खुशालरावले हे सांगतलं?"

"सांगतलं ना. हासले. म्हणे, माह्या वाघ्याबी असाच हाये, भुऱ्याले मारून राह्यला. बिजल्या आन् वाघ्या पायजे तं एकमेकाले फाडतीन."

"आन् तू हरला तं?"

"तं कासरा तुमच्या पायाशी. पुन्हा छकड्यावर बसनार नाई."

पाटलांनी सगळ्या गावाला सांगून टाकलं. आता माघार नव्हती.

बायकांचा राग वेगळाच. बिजल्याची आई व्यायल्यावर मेली, तेव्हा शेषरावांच्या बायकोनं, सुभद्रानं, बोटानं दूध चाटवून त्याला जगवलं होतं. तो गेला त्या दिवशी ती दाराबाहेर आली नाही. विहिरीवर मनकर्णाबाई शेषरावांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घरच्या बाईले इचारलं तरी काय? दगड हाये दगड."

शेषरावांनी बादली भरली आणि निघून गेले.

अकोला!

चाळीस जोड्या. सकाळपासून दोन दोन जोड्या सुटत होत्या, हरलेल्या बाहेर पडत होत्या. धूळ, हलगी, झाडांवर माणसं. उन्हं कलली तेव्हा दोनच उरल्या. एका चाकोरीत बिजल्या आणि वाघ्या. दुसरीत लाखा आणि भुऱ्या.

इशाऱ्याचा फेटा खाली पडला.

गेला! बिजल्या गेला, वाघ्या गेला, दोन छकड्यांचं अंतर, तीन छकड्यांचं, गाव ओरडत होतं आणि कुणासाठी ओरडतंय हे गावालाच कळत नव्हतं, जुनी सवय, "बिजल्या! बिजल्या!", पाटलांनी शेजारच्याच्या पाठीत गुद्दा घातला, "अबे आपला लाखा हाये, लाखा म्हन!"

लाखा.

जू सरळ. पहिल्यांदा सरळ. मानेला हिसका नाही. शेषराव उभे राहिले, कासरा सैल सोडला, आणि लाखानं कान मागे टाकले.

लाखा पळतो, हे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. तो नेहमी ओढला गेलेला.

दोन छकड्यांचं अंतर. एक. बिजल्याचं शेपूट. बिजल्याचा खांदा. चौघांचे फुस्कारे एका रांगेत. खुशालराव ओरडले, "शेष्या, हट!" शेषराव ओरडले, "तुमी हटा!" आणि दोघंही हसत होते, दात धुळीनं भरलेले, आणि रेघ आली, आणि

नाकभर. लाखाचं नाक.

फेटे उडाले. शेषराव उडी टाकून आधी लाखाकडे गेले. जुवाखाली हात घालून खांदा चाचपला. घाम होता. सूज नव्हती. मग लोकांनी त्यांना उचललं.

"ह्या बैलाले पळता येते, हे तुले समजलं कसं बे?" खालून पाटील ओरडत होते. आवाज बसला होता. "कोनाचं डोकं हे?"

शेषराव वरून काहीतरी बोलले. हलगीत ते कुणाला ऐकू आलं नाही.

'बिजल्याला देऊन टाका' असं पहिल्यांदा सुभद्रा म्हणाली होती, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, लाखाला कडबा भरवताना.