कोरड्या पाठीची घोडी

चौक गावच्या किरणने ऐन लग्नसराईत वरातीची घोडी विकायला काढली, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण जगदीशला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो माझा जुना विद्यार्थी, माथेरानला पर्यटकांच्या मुलांना घोड्यावरून फिरवतो. त्याचा घोडा पायाने अधू झाला होता आणि मे महिना वाया चालला होता.

"मास्तर, तुमी फक्त या. पहिली बैठक आपल्या अक्षदाची," असं त्याने फोनवर सांगितलं. म्हणून दहा वर्षांच्या नातीला घेऊन मी दस्तुरी नाक्यावर गेलो. गाड्या तिथेच थांबतात, पुढे पायी किंवा घोड्यावर.

घोडीचं नाव पाकळी. दोर धरून किरण उभा होता, बरोबर त्याची सहा-सात वर्षांची मुलगी रूपा होती. तेवढ्यात अमन लॉज स्टेशनवरून छोट्या गाडीने शिट्टी दिली. आजूबाजूच्या घोड्यांनी कान टवकारले, एक तर आडवा सरकला. पाकळीने मान हलवली नाही.

"बघा! ढोल-ताशात वाढलीय. गाय हाय गाय," किरण म्हणाला.

"मग इतकी गुणाची घोडी विकतोस कशाला रं, तेही लग्नं चालू असताना?"

"बाबा आजारी हायत, वेळच नाय मिळत. मास्तर, घोडी बघताय का शाळा तपासताय?"

जगदीश मोठ्याने हसला. त्याने पाकळीला लाल मातीच्या चढावरून तीनदा पळवत आणलं. अक्षदा एकदा तिच्यामागे धावली. मीही काठी टेकत एक फेरी केली.

"हिला दमच लागत नाय!" जगदीशने खोगीर उचललं. "घाम पण नाय. हात लावून बघा."

खोगिराखालची पाठ खरोखरच कोरडी होती. जगदीशचा सदरा मात्र अंगाला चिकटला होता.

"अक्षदा, इकडे ये. नाड्या मोजू," मी म्हणालो.

आधी तिची मोजली, एका मिनिटाला एकशे तीस. माझी सहासष्ट. मग घोडीच्या जबड्याखाली नाडी कुठे लागते ते जगदीशने दाखवलं आणि अक्षदाने घड्याळाकडे बघत पुटपुटत मोजली. अडतीस. नुसत्या उभ्या असलेल्या घोड्याची असते तेवढीच.

"आजोबा, तुमची का नाही वाढली?"

"मी गोळी घेतो ना, हात थरथरतात त्याची. असं बघ, आपण पळालो किंवा घाबरलो की अंगात एक निरोप्या धावत सुटतो आणि दारं ठोठावतो. आल्फा नावाची दारं रक्तवाहिन्या आवळतात, बीटा नावाची हृदयाला पळवतात. माझी गोळी बीटाच्या दारांना आतून कडी लावते. निरोप्या बाहेरच उभा."

"आणि घोडीची दारं?"

मी किरणकडे पाहिलं. खोगीर परत चढवून त्याचा आधीच घट्ट झालेला पट्टा तो पुन्हा आवळत होता.

बाजूला जाऊन मी सुप्रियाला फोन लावला. तीही माझीच विद्यार्थिनी, आता कर्जतला जनावरांची डॉक्टर आहे. तिला सगळं सांगितलं.

"सर, घोड्याला घामही त्याच निरोपाने सुटतो. रक्त तपासल्याशिवाय तिला तुमच्यासारखी गोळी दिलीय याची मी खात्री देणार नाही. पण तिला आता पळवू नका, चढावर कोसळेल. आणि औषध उतरल्यावर ती कशी वागेल, देव जाणे."

वळून पाहतो तर अक्षदाचा पाय रिकिबीत.

"खाली उतर!" मी ओरडलो. ती दचकून बाजूला झाली.

जगदीश चिडला. "मास्तर, उगाच शंका नका काढू. अशी घोडी परत मिळायची नाय."

त्याचंही बरोबर होतं. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. किरणचे खिसे थोडेच तपासणार होतो?

"ठीक आहे," मी म्हणालो. "किरण, पाकळी आज जगदीशकडे राहील. दाणापाणी तो देईल, तू तिला काही खायला घालायचं नाहीस. उद्या याच वेळी, गाडीची शिट्टी होताना, तुझी रूपा तिच्यावर बसेल. रूपा हसत खाली उतरली की जगदीश दोर हातात घेईल आणि मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन."

रूपाने टाळ्या वाजवल्या. "पप्पा, मी बसू?"

किरण दोर हाताभोवती गुंडाळत राहिला.

"सांग ना रं. चालेल ना?" जगदीशने विचारलं.

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना!" किरणने रूपाचा दंड धरून तिला मागे ओढलं. "मागल्या महिन्यात फटाक्यांना बुजली. नवरदेवाला नालीत टाकलान. आता वरातीला कोण बोलवत नाय. बाबांच्या बीपीच्या गोळ्या होत्या घरात... गुळात घालून दिल्या."

बीपीलाही बऱ्याचदा हीच बीटाची गोळी देतात. "किती?" मी विचारलं.

"एक पाकीट."

जगदीश पुढे झाला. त्याने खोगीर काढून बाजूला ठेवलं आणि दोर किरणच्या हातात दिला. "गोळ्यांचा असर उतरेपर्यंत सावलीत बांध हिला. आज घाट उतरवू नको."

अक्षदाने घोडीला पाणी आणलं. किरण पाकळीला घेऊन जांभळाखाली गेला. जाताना त्याने रूपाला आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं होतं, घोडीपासून लांब.