धाकट्याच्या बोटीतला कॅम

धाकट्या भावाचं इंजिन तीन वर्षांनी पुन्हा खोलायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रीने आठवडाभर चालढकल केली. आधी म्हणाला, साखळीची कप्पी अडकते आहे. मग म्हणाला, कंबर धरली आहे. शेवटी पुतणीच एका सकाळी वर्कशॉपचं शटर वर करून आत आली आणि इंजिनावरची ताडपत्री ओढून बाजूला फेकली. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. आता ती सव्वीस वर्षांची होती, फेरीबोटीवर इंजिन सांभाळायची आणि बापाची शर्यतीची बोट तिला पुन्हा पाण्यात उतरवायची होती.

इंजिन मिस्त्रीने बांधायचं आणि बोट धाकट्याने हाकायची, ही दोघा भावांची वाटणी वीस वर्षं बिनबोभाट चालली होती. तीन वर्षांपूर्वी शर्यत सुरू व्हायच्या आधी बोटी रांगेने सावकाश पुढे सरकत होत्या, तेव्हा धाकट्याचं इंजिन एकाएकी गपगार झालं. मागून आलेल्या लाटेने बोट उचलून धक्क्याच्या काँक्रीटवर आदळली. धाकट्याच्या खुब्याचा चुरा झाला. तेव्हापासून तो काठी घेऊन चालायचा, बोटीचा विषय निघाला की उठून आत जायचा, आणि अगदीच कोणी खोदून विचारलं तर सांगायचा की चूक आपलीच, आपण थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, जास्त दाबला आणि इंजिनात नको इतकं पेट्रोल भरून ते बंद पडलं.

हे कारण त्याला मिस्त्रीनेच पुरवलं होतं.

पाच आठवडे काका-पुतणीने मान मोडून काम केलं. ब्लॉक धुतला, सिलिंडर घासून घेतले, पिस्टन आणि बेअरिंगं नवी घातली. भिंगरीचा हात स्वच्छ होता. एकेक बोल्ट ती असा पुसायची की जणू तो जेवणाच्या ताटात वाढायचा आहे. मिस्त्रीला तिचं कौतुक वाटायचं, आणि कौतुक वाटलं की तो नजर दुसरीकडे वळवायचा.

राहिला होता फक्त कॅमशाफ्ट, म्हणजे कॅम. इंजिनाच्या पोटातला हा लांब दांडा. त्याच्यावरचे उंचवटे फिरता फिरता व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडतात आणि मिटतात. उंचवटे मोठे घेतले तर वरच्या वेगाला इंजिन छाती भरून श्वास घेतं, पण सावकाश चालताना धापा टाकतं. मोटारीत एवढ्यावर निभावतं. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, मात्र थंडाव्यासाठी पाणी सोडलेलं असतं. कॅम फार मोठा असेल, तर संथ चालीत बाहेर निघालेला धूर मध्येच मागे ओढला जातो आणि त्याच्यासोबत ते पाणीही सिलिंडरमध्ये शिरतं. हे भिंगरीला ठाऊक होतं. मिस्त्रीला तर तिचा जन्म व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं.

त्या शनिवारी ती बापाची वही घेऊन आली. इंजिन बांधताना कोणता कॅम घालायचा हे दोघा भावांनी मिळून ठरवलं होतं आणि धाकट्याने आपल्या बारीक अक्षरात आकडे लिहून ठेवले होते. तिला अगदी तोच कॅम हवा होता. पण काही मागवायच्या आधी मोजून बघायची तिची सवय. तिने जुना कॅम ठोकळ्यांवर ठेवला, उंची मोजायचं गेज लावलं, दांडा हळूहळू फिरवला, आकडा टिपला आणि वहीत पाहिलं. मग पुन्हा फिरवला.

"काका, हा तो कॅम नाही."

मिस्त्री पाठमोरा होता. तो उगाच पाने-पकडी जागच्या जागी लावत राहिला.

"वहीतल्यापेक्षा पुरता एक मिलिमीटर उंच आहे हा. व्हॉल्व्हही कितीतरी जास्त वेळ उघडे ठेवतो. असला कॅम आपल्या बोटीत कोण घालेल?"

"दुकानातून चुकीचा आला असेल," मिस्त्री म्हणाला.

त्याच्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. भिंगरी लालबुंद झाली. त्या दुकानदाराला ती लहानपणापासून ओळखत होती. सोमवारी जाऊन त्याला जाब विचारते म्हणाली. बाबांचा यात काडीचाही दोष नव्हता, इंजिन पाणी पिऊन बंद पडलं असणार, हे तिच्या क्षणात ध्यानात आलं आणि तिचे डोळे भरून आले. बाबांना आत्ताच सांगू का, असं तिने विचारलं. मिस्त्री म्हणाला, आधी खात्री करू.

घरी गेल्यावर त्याने दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही, असं तो तुसडेपणाने म्हणाला आणि खिडकीशी जाऊन बसला.

त्या दुकानदाराने त्याला बजावलं होतं. हा कॅम कोरड्या एक्झॉस्टचा आहे, तुमच्या बोटीत घालू नका, असं त्याने दोनदा सांगितलं होतं. पण त्याच्या आदल्या वर्षी नदीपलीकडच्या वर्कशॉपच्या बोटीने त्यांना सपशेल हरवलं होतं आणि ते मिस्त्रीच्या मनाला फार लागलं होतं. धाकट्याला साधं, भरवशाचं इंजिन हवं होतं. मिस्त्रीने त्याला हो म्हटलं, वहीत आकडे लिहू दिले, आणि पाठीमागे मोठा कॅम बसवला. पहिल्या दोन शर्यती धाकट्याने जिंकल्या. दादाच्या हाताला तोड नाही, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, आणि मिस्त्री कॉलर ताठ करून ऐकत होता.

अपघातानंतर इंजिन त्याने एकट्याने खोललं. तीन सिलिंडरांत पाणी होतं, व्हॉल्व्हच्या तोंडाशी गंज धरला होता. त्याने सगळं पुसलं, तेल लावलं आणि बंद केलं. शर्यतीच्या कमिटीला सांगितलं, पेट्रोल भरलं असावं. दवाखान्यात धाकट्यालाही तेच सांगितलं. पायाला वजनं बांधून पडलेला धाकटा म्हणाला, "असेल दादा. माझाच हात जड पडला असेल."

आता त्याच पापात तो एका भल्या माणसालाही गोवायला निघाला होता.

रविवारी सकाळी तो भावाकडे गेला. धाकटा जेवणाच्या टेबलाशी बिघडलेला पंखा खोलून बसला होता, भिंगरी समोर चहा पीत होती. ये दादा, बस, असं म्हणून धाकट्याने पायाने खुर्ची पुढे सरकवली. मिस्त्री बसला नाही. बसलो तर बोलणं व्हायचं नाही, हे तो जाणून होता. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुकानदार, वही, पुसलेलं पाणी, काहीच वगळलं नाही. भिंगरीच्या हातातला कप तसाच राहिला.

धाकट्याने हातातला स्क्रू वाटीत टाकला.

"म्हणजे माझा हात जड नव्हता पडला."

"नाही."

"तीन वर्षं मी रोज ते आठवतोय. हात कुठे होता, किती दाबला. हिच्या आईला दहादा विचारलंय, माझा हात थरथरतो का गं?" त्याने आपला उजवा पंजा उलटासुलटा करून पाहिला. "खुब्याचं सोड, दादा. बोट म्हटली की मोडतोड आलीच. पण दवाखान्यात माझ्या तोंडाकडे बघून बोललास ना तू?"

"घाबरलो होतो."

"कोणाला? मला?"

"नाही. लोक काय म्हणतील, त्याला."

धाकट्याने स्क्रूची वाटी बाजूला सारली. मग त्याने भिंगरीला सांगितलं, काकांना फाटकापर्यंत सोडून ये. आवाज चढवला असता तर मिस्त्रीला सोपं गेलं असतं.

सोमवारी त्याने कमिटीला पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. त्यांनी दोन वर्षांसाठी त्याचं नाव मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीतून काढलं. नदीपलीकडचे लोक त्यावर काय बोलले हे त्याच्या कानावर आलं, पण त्याला वाटलं होतं तितकं ते लागलं नाही. परत आला तर भिंगरी वर्कशॉपमध्ये. ती येईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तिने बाकावर तेलकट कागदातले दोन नवे कॅम ठेवले होते, एक वहीतल्या आकड्यांचा आणि एक त्याहूनही लहान, बेताचा. तिचा चेहरा कोरा होता.

"कोणता घालू?"

"मला नको विचारूस."

"विचारणार. फक्त आता तुमचं म्हणणं तपासून घेईन."

मग त्याने सांगितलं. बोटीचा एक्झॉस्ट आखूड आहे, रांगेत पंधरा-वीस मिनिटं सावकाश जावं लागतं, वहीतला कॅम बहुधा चालेल, पण बहुधा या शब्दावर तो कोणाला पाण्यात पाठवणार नाही. बेताच्या कॅमने वरचा थोडा वेग जाईल. भिंगरीने सगळं लिहून घेतलं, फेरीबोटीवरच्या तिच्या वरिष्ठाला विचारून आली आणि बेताचा कॅम उचलला. बसवला तो मिस्त्रीच्या हातांनी, पण इंजिनाच्या तपासणीच्या दाखल्यावर सही यादीतल्या दुसऱ्या कारागिराची झाली.

चाचणीच्या दिवशी मिस्त्री वर्कशॉपच्या दारातूनच बघत होता. धाकटा आला, काठी धक्क्यावर ठेवली आणि भिंगरीचा खांदा धरून बोटीत उतरला. पुरती वीस मिनिटं त्याने बोट काठाकाठाने अगदी संथ फिरवली. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मग त्याने नाक वळवलं, थ्रॉटल पुढे ढकलला, आणि बोट पाणी चिरत मधल्या खुणेपर्यंत जाऊन आली.

परतल्यावर धाकट्याने स्वतः इंजिनाचे आठही प्लग काढले, सिलिंडरमध्ये पाणी शिरलं का हे बघायला एकेक उन्हात धरून पाहिला आणि पुन्हा बसवला. वर्कशॉपच्या दाराकडे त्याने मान वळवली नाही. काठी घेतली आणि चालू लागला.

संध्याकाळी भिंगरी निरोप घेऊन आली.

"बाबा म्हणाले, प्लग कोरडे आहेत."

"आणखी काही म्हणाला?"

"नाही. एवढंच सांग म्हणाले."

मिस्त्रीने मान हलवली. पुढच्या रविवारी तो पुन्हा भावाच्या घरी गेला. दार भावजयीने उघडलं, धाकटा आंघोळीला गेला आहे म्हणाली. तो आतल्या खोलीत आहे हे दोघांनाही ऐकू येत होतं. मिस्त्री अर्धा तास बाहेरच्या खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून निघाला.