शिलाईची जागा

माझी उभी हयात छापखान्यात गेली, त्यामुळे कागद कसा लावायचा हे मला कुणी शिकवू नये असं माझं मत होतं. ब्रेल छापणाऱ्या मशीनचं मत वेगळं निघालं.

बायको शाळेत शिकवायची. दृष्टी गेली तेव्हा तिचा वर्गही गेला. ती हट्टाने ब्रेल शिकली, पण वर्ग काही परत मिळेना. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, शुक्रवारी मुलांना एक गोष्ट वाचून दाखवा, मग ठरवू. पाठ केलेली चालणार नाही, गोष्ट आम्हीच आदल्या दिवशी पाठवू. सगळे तिला बाई म्हणतात, म्हणून घरात मीही बाईच म्हणतो. धाकही तेवढाच आहे.

गोष्ट आली. कळपातून भरकटलेल्या बकरीची होती. ती घेऊन मी वाचनालयात गेलो. तिथल्या एका कोपऱ्यात ब्रेलचं मशीन आहे. "मला फक्त चालू-बंद करता येतं," ग्रंथपाल म्हणाले, "पण तुम्ही काय, मुरलेले छापखानेवाले!" मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पहिल्या खेपेला मी नेहमीचा पातळ कागद घातला. मशीनने त्याची चाळणी केली. मग एकाला एक जोडलेले जाड कागद लावले, तर मशीन पान आहे त्याहून लांब समजून बसलेलं. एक ओळ नेमकी दोन पानांच्या जोडावर उमटली. पानं फाडून वेगळी केल्यावर तिचे वरचे ठिपके एका पानावर, खालचे दुसऱ्यावर. मी मशीनला छापखान्यातल्या दोन-चार शिव्या दिल्या, पट्टीने पान मोजलं, सेटिंगमध्ये लांबी घातली. तेव्हा कुठे ते वठणीवर आलं.

नमुन्याचं पहिलं पान घरी नेलं. बाईंनी तळाच्या दोन-तीन शब्दांवरून बोटं फिरवली.

"नीट आलंय."

"पुढची पण आणतो, वाचून घ्या."

"नको. आत्ता वाचली तर ती कॉपी होईल."

जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडलेल्या बाई, त्यांच्याशी कोण वाद घालणार?

मी परत गेलो, आणि तिथे माझ्यातला छापखाना जागा झाला. बाईंनी वर्गात सुटी पानं घेऊन उभं राहायचं? छे! पुस्तक शिवायचं म्हणजे डावीकडे दोन बोटं जागा हवी. मशीनच्या सेटिंगमध्ये डावा समास वाढवला आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा छापली. पानं कडेपर्यंत भरगच्च, झकास दिसत होती. घरी दोऱ्याने शिवली, वर निळा पुठ्ठा चढवला. बाईंनी नुसत्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "एवढं कशाला उगाच," म्हणाल्या, आणि पुस्तक उशाशी घेऊन झोपल्या.

शुक्रवारी मुलं जमिनीवर बसली होती, मुख्याध्यापिका खुर्चीवर आणि मी मागच्या बाकावर.

"एक होती बकरी," बाईंनी सुरुवात केली. "तिला खूप आवडायचं..."

आणि थांबल्या. बोट कागदाच्या कडेवरून खाली घसरलं होतं. ते मागे आलं, परत घसरलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओळींची लांबी होती तेवढीच होती. मी त्या दोन बोटं उजवीकडे ढकलल्या होत्या आणि त्यांची टोकं कागदाबाहेर पडली होती. प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीची. मुख्याध्यापिकांनी चष्मा वर सरकवला.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "काय आवडायचं असेल?"

"हुंदडायला!" मुलं ओरडली.

"शाब्बास."

मग प्रत्येक ओळीला तेच. बाई कडेपर्यंत न्यायच्या, मुलं पुढे ढकलायची. एकाने बकरीला बसमध्ये बसवलं. पुढच्या ओळीत बस नव्हती, बाईंनी तिला मुकाट्याने उतरवून घेतलं.

शेवटचं पान आलं. "अंधार पडला. सगळ्या बकऱ्या गोठ्यात होत्या. आणि आपली बकरी..."

पुढे 'आईजवळ झोपली' असं होतं. मला माहीत होतं, मीच तर छापलं होतं.

"परत आलीच नाही," पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला.

मुलं बाईंकडे बघायला लागली. इतका वेळ त्यांनी एकदाही दम खाल्ला नव्हता, आता मात्र त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"आली की," दोन वेण्यांची एक मुलगी त्याच्यावर खेकसली. "उशिरा आली."

बाईंनी पुस्तक मिटलं. "हो," त्या म्हणाल्या. "उशिरा आली."

मला रडू आलं. मी खिडकीतून मैदानाकडे बघत राहिलो.

"सोमवारपासून या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि मुलांकडून शब्द काढून घ्यायची ही पद्धत बाकीच्या शिक्षकांनाही दाखवा."

घरी येताना बाई माझा दंड धरून चालत होत्या. शाळेचं फाटक मागे पडलं.

"शिलाईला जागा किती सोडलीत?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं."

त्यांनी दंडाला चिमटा काढला, चांगला डोळ्यांत पाणी येईल असा.

"शिलाई राहू द्या," बाई म्हणाल्या. "ओळी तेवढ्या आखूड करा."