चार पोचे

माझ्या नवऱ्याला सगळे मिस्तरी म्हणतात, मीसुद्धा. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढणं हा त्यांचा धंदा. चेपलेलं दार त्यांच्या गॅरेजात जातं आणि चार दिवसांनी नव्यासारखं बाहेर येतं. त्यांच्या हाताला नावं ठेवायला जागा नाही. पण कुठे खळगा दिसला की या माणसाला घास गोड लागत नाही. आमच्या घरात एक पातेलं वाकडं नाही. शेजाऱ्यांच्या टपालपेटीचा पोचासुद्धा त्यांनी न विचारता काढून दिलाय, आणि वर शेजाऱ्यांनाच ऐकवलंय, “वस्तू वापरायची अक्कल लागते.”

माझ्या उजव्या हातात आईचं चांदीचं कडं असतं. पोकळ, हलकं, आणि त्याला चार पोचे. तीन एका ओळीत, चौथा जरा बाजूला. ते माझ्या दुधाच्या दातांचे. दात येताना मी आईच्या मांडीवर बसून तिच्या हातातलं कडं चावायचे, म्हणून तिने माझं नाव ठेवलं चावरी. आता आईला दिसत नाही, आणि गेल्या दोन वर्षांत एकेक माणूस तिच्या आठवणीतून पुसलं गेलं. ज्या मुलाच्या घरी ती राहते, त्यालाही ती ‘साहेब’ म्हणते. मी तेवढी उरले, तीही या कड्यामुळे. दर रविवारी मी तिच्या पलंगावर बसते, ती माझं मनगट धरते आणि अंगठा कड्यावरून फिरवत मोजते, “एक, दोन, तीन... आणि हा चोर चौथा. आलीस का गं चावरे?” मग अर्धा तास मी तिची मुलगी असते.

म्हणून मी ते कडं जिवापाड जपते. भांड्यांना हात घालायच्या आधी काढून ठेवते. महिन्यातून एकदा कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, मग कोरडं पुसून घ्यायचं. ब्रश नाही, पावडर नाही, घासणं तर नाहीच नाही. हे मी मिस्तरींना शंभरदा सांगितलं असेल. त्यांनी शंभरदा “हं” म्हटलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मागच्या महिन्यात मी तापाने आठ दिवस पडून होते. कडं काढून ठेवलं होतं, ते काळं पडलं. मी उठले त्या दिवशी मिस्तरी गॅरेजातून आले आणि माझ्यासमोर मूठ उघडली.

“बघ. आता कोण म्हणेल जुनं आहे?”

कडं लखलखत होतं. मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. पुन्हा फिरवला.

“पोचे कुठे गेले?”

“काढले!” छाती फुगवून म्हणाले. “सांधा उघडला, तापवून मऊ केलं, आतून उचललं, सांधा जोडून पॉलिश मारलं. पत्रा केवढासा! साधं काम नाही ते.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“आई तुला चावरी म्हणते ते माहीत होतं,” मिस्तरी तोंड पाडून म्हणाले. “का म्हणते, ते मला कुठे माहीत?”

तीस वर्षांत विचारलं नव्हतं. आणि मी तरी कुठे सांगितलं होतं? काळजी कशी घ्यायची तेवढं सांगत बसले, कशाची घ्यायची ते राहूनच गेलं. या माणसाने सगळं प्रेमाने केलं होतं, त्यामुळे धड भांडताही येईना.

रविवारी आईचा अंगठा कड्यावरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

“नवीन केलंत वाटतं,” ती म्हणाली. “छान आहे हो. तुम्ही कोणाकडच्या?”

“आई, मी चावरी.”

“ती येईलच आता. बसा ना तुम्ही.”

बुधवारी मिस्तरींनी गॅरेजात बसून पोचे परत पाडले. चारही एका ओळीत, सारख्या अंतरावर, सारखे खोल.

“चौथा बाजूला होता,” मी म्हटलं.

“बाजूला वाईट दिसतो.”

मी कपाळावर हात मारला. त्यांनी तो गुपचूप बाजूला घेतला. पुढच्या रविवारी तेही माझ्याबरोबर आले आणि बाहेरच्या खोलीत बसले. आईने पहिल्याच पोच्यावर अंगठा ठेवला आणि माझा हात दूर सारला.

“कोणीतरी ठोकलंय हे,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

वहिनी दारात उभी होती. “ताई, कशाला एवढा त्रास करून घेता?” ती म्हणाली. “त्यांना आता काय कळतंय?”

तेवढ्यात भिंतीकडून आईचा आवाज आला, “अहो, चावरी आली का बघा जरा. आज रविवार ना?”

मला असा संताप आला! मिस्तरींचा, वहिनीचा, त्या आजाराचा, माझा स्वतःचा. कोणाला तरी चावावं असं वाटलं. मी मनगट तोंडाशी नेलं आणि ते मेलं कडं कडकडून चावलं. तापवून मऊ झालेला पत्रा कट्कन दबला.

आई वळली. तिचा हात चाचपडत माझ्या गालावर आला, तिथून ओठांवर, आणि तिने माझं मनगट ओढून बाजूला केलं.

“सोड, चावरे! किती वेळा सांगायचं? दात दुखतील ना, बाळा.”

मला हुंदका आवरेना. आवाज ऐकून मिस्तरी बाहेरच्या खोलीतून धावत आले. आईने माझं मनगट मांडीवर घेतलं होतं आणि ती अंगठ्याने कडं पुसत होती. त्याला दोन नवे पोचे पडले होते, वेडेवाकडे, एक तर पार आत गेलेला. मिस्तरी खाली वाकले. त्यांचा अंगठा आपोआप त्या पोच्याकडे निघाला.

मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

“नाही, नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.